आधी उजेड बघा, मग बटण दाबा: फोन आणि छोट्या डिजिटल कॅमेऱ्यानं चांगले फोटो कसे काढायचे

आमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला संध्याकाळी तिला 81 दिव्यांनी ओवाळलं होतं. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर, मधल्या खोलीतली ट्यूबलाइट मुद्दाम बंद केलेली, दोन मोठ्या ताटांत पणत्या, आणि त्या उजेडात आजीचा चेहरा असा काही दिसत होता की आत्या बोलता बोलता गप्प झाली. सगळ्यांनी फोन काढले, मी माझा छोटा डिजिटल कॅमेरा काढला, पटापट फोटो निघाले. रात्री सगळे एकत्र करून बघितले तर चाळीसेक फोटो, आणि एकातही तो उजेड नाही. बहुतेकांचा फ्लॅश ऑटोवर होता त्यामुळे आजीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, ज्योती म्हणजे फिकट टिकल्या, मागची खोली काळीकुट्ट. ज्यांचा फ्लॅश बंद होता त्यांचे फोटो हललेले. आजी त्यानंतर वर्षभरात गेली, आणि तो प्रसंग आता फक्त आम्हाला आठवतो तेवढाच आहे.

तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागे लागले. खूप वाचलं, खूप फोटो काढले, आणि जे कळलं ते इथे क्रमानं लिहितेय. हे सगळं साध्या फोनवाल्यांसाठी आणि कपाटात पडलेला जुना छोटा कॅमेरा परत बाहेर काढलाय त्यांच्यासाठी आहे, नवीन काही विकत घ्यायचं नाहीये.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरून येतं

कॅमेऱ्यात उजेड टिपणारा जो भाग असतो त्याला सेन्सर म्हणतात. साध्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यात तो साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर असतो, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा. लग्नातल्या फोटोग्राफरकडे जो मोठा फुल फ्रेम कॅमेरा असतो त्याचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटर, क्षेत्रफळ काढलं तर जवळपास तीसपट. नवीन महागड्या फोनांत मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर डाळीपेक्षा मोठा येतो, पण तरी त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या मानानं छोटाच. आता भांडं छोटं असेल तर पाऊस जोरात पडतोय तोवर काही अडचण नाही, पण रिमझिम असेल तर त्यात पाणी साठायला वेळ लागतो. उजेडाचं अगदी तसंच आहे. उन्हात फोन आणि मोठा कॅमेरा ह्यांच्या फोटोत पटकन फरक कळत नाही. घरात संध्याकाळी कळतो, कारण छोट्या सेन्सरला उजेड पुरत नाही, मग कॅमेरा दोनपैकी एक काहीतरी करतो: एकतर शटर जास्त वेळ उघडं ठेवतो (फोटो हलतो), नाहीतर आयएसओ वाढवतो, म्हणजे मिळालेला सिग्नल मोठा करतो (फोटोत दाणे येतात, चेहरा मेणासारखा होतो).

म्हणून आपलं सगळं कौशल्य एवढ्यात आहे की छोट्या कॅमेऱ्याला भरपूर आणि नीट दिशेनं उजेड द्यायचा, आणि जिथे देता येत नाही तिथे त्याला स्थिर धरायचं.

आपल्या इंदूरचंच उदाहरण आहे. लाला दीनदयाळ, ज्यांनी पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर म्हणून नाव कमावलं, ते आधी इथे इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे आणि एस्टिमेटचं काम करायचे, आणि 1874 च्या सुमारास इथेच त्यांनी फोटोग्राफी सुरू केली, महाराज तुकोजीराव होळकर दुसरे ह्यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. तेव्हा काचेच्या प्लेटा असायच्या आणि त्या उजेडाला इतक्या मंद होत्या की कॅमेरा स्टँडवर लावून सेकंदांच्या हिशेबात थांबावं लागायचं. त्यांचे किल्ल्यांचे, वाड्यांचे फोटो मी जेव्हा बघते तेव्हा पहिल्यांदा सावल्या बघते, कोणत्या बाजूनं ऊन येऊ दिलंय ते बघते. मंद प्लेट काय आणि छोटा सेन्सर काय, दोघांनाही उजेडासाठी थांबावंच लागतं.

घरी बसून एकदाच करायची कामं

सगळ्यात पहिलं, लेन्स पुसा. खरंच. फोन दिवसभर हातात, पर्समध्ये, स्वयंपाकघरात, त्यामुळे लेन्सवर बोटांचं तेल असतं आणि मग प्रत्येक दिव्यातून लांब लांब रेषा निघतात आणि फोटो धुरकट येतो, लोक म्हणतात फोन जुना झाला. आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग चष्मा पुसायचं मऊ कापड किंवा धुतलेलं मलमल, हलक्या हातानं गोल गोल. साडीचा पदर किंवा रुमाल नको, त्यात कण असतात.

मग सेटिंग. ग्रिड लाइन चालू करा. फ्लॅश ऑटोवरून काढून बंद करा, लागेल तेव्हा आपण लावू. ब्यूटी मोड, फिल्टर बंद (आजीच्या सुरकुत्या पुसून टाकणारा फोटो आजीचा नसतो असं माझं ठाम मत आहे). एचडीआर (उजळ आणि काळोखे दोन्ही भाग नीट यावेत म्हणून कॅमेरा बरेच फोटो जोडतो ते) ऑटोवर असू द्या. फोटोचा साइझ सगळ्यात मोठा. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात आणखी एक काम, मेनूत जाऊन डिजिटल झूम कायमचा बंद करा, आणि तारीख-वेळ बरोबर लावा, नाहीतर दहा वर्षांनी कुठला फोटो कधीचा ते शोधत बसाल.

जुना कॅमेरा कपाटातून काढला असेल तर बॅटरी आधी बघा, फुगलेली असेल तर चार्जिंगला लावायची नाही, सरळ बदलायची. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, साधे स्वस्त सेल ह्या कॅमेऱ्यांत काही फोटोंतच बसतात. आणि कार्ड: कॅमेऱ्यावर नुसतं एसडी लिहिलं असेल तर 2 जीबीपर्यंतचंच कार्ड धरा, एसडीएचसी लिहिलं असेल तर 32 जीबीपर्यंत. लोक 128 चं कार्ड घालतात आणि कॅमेरा एरर देतो म्हणून बिघडला समजून ठेवून देतात.

उजेड कुठून येतोय: मुठीची युक्ती

ही युक्ती मी सगळ्यांना शिकवते, कारण तिला काहीच लागत नाही. एक हात समोर धरा, मूठ वळा, आणि मुठीकडे बघत बघत जागच्या जागी सावकाश गोल फिरा. मुठीवरचा उजेड आणि सावल्या बदलताना दिसतील. एका दिशेला बोटांच्या खाचांत काळ्या सावल्या पडतील, एका दिशेला सगळं सपाट दिसेल, आणि एका ठिकाणी अशी जागा येईल की एका बाजूनं मऊ उजेड आणि दुसऱ्या बाजूला हलकी सावली, मूठ गोल आणि भरीव दिसेल. ज्या माणसाचा फोटो काढायचाय त्याला मुठीच्या जागी, तुमच्याकडे तोंड करून बसवा. संपलं. दहा सेकंदांचं काम आहे.

घरात ही जागा बहुतेक वेळा दारात किंवा खिडकीजवळ मिळते. ऊन थेट येत नसलेली खिडकी सगळ्यात छान, माणूस खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, खिडकी त्याच्या एका बाजूला, आणि तुम्ही भिंतीकडे पाठ करून. दुसरी बाजू जास्त काळोखी वाटली तर तिकडून एक पांढरा टॉवेल, थर्माकोलचा तुकडा, नाहीतर उघडलेलं वर्तमानपत्र कुणाला तरी धरायला सांगा, उजेड परत चेहऱ्यावर येतो. स्टीलचं ताटही चालतं पण त्यानं कधीकधी डोळ्यात तिरीप जाते, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, म्हणून मी कापडच वापरते.

ट्यूबलाइटच्या बरोब्बर खाली कुणाला उभं करू नका, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. दुपारचं ऊनही तेच करतं, आणि आपल्याकडे तर फारच, कारण इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला आहे आणि जूनमध्ये साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. अशा वेळी अंगणातल्या माणसाला ओट्यावर, झाडाखाली, व्हरांड्यात घ्या, मोकळं आकाश समोर दिसेल असं तोंड करून. आणि तिथे जाणं शक्यच नसेल तर, इथे मात्र फ्लॅश लावा. ऐकायला उलटं वाटतं पण भर उन्हात दीड-दोन मीटरवरून लावलेला छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश डोळ्यांतला काळोख भरून काढतो. रात्रीच्या मोठ्या हॉलमध्ये फ्लॅशचा उपयोग नाही, छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन मीटर पोचतो, फोनचा एलईडी तर मीटर-दीड मीटर, स्टेज पंधरा मीटरवर असेल तर तो फक्त पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी उजळतो.

लाल डोळ्यांचंही इथेच सांगते. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्याचा उजेड अंधारात मोठ्या झालेल्या बाहुलीतून आत जातो आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून सरळ लेन्सकडे परत येतो म्हणून डोळा लाल दिसतो. खोलीतले दिवे लावा (बाहुली लहान होते) आणि लेन्सच्या किंचित बाजूला बघायला सांगा.

अजून एक, खोलीत पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब दोन्ही चालू असतील तर एक बंद करा. कॅमेरा एकाच रंगाच्या उजेडाशी जमवून घेऊ शकतो, दोन असले की अर्धा चेहरा निळसर अर्धा पिवळा, आणि ते नंतर कशानं नीट होत नाही.

धरायचं कसं

एका हातानं, हात लांब करून, पडद्यावर गोल बटण शोधत काढलेले फोटो हलणारच. फोन दोन्ही हातांत, कोपरं बरगड्यांना टेकलेली, पाय थोडे फाकवून, भिंत किंवा खांब असेल तर त्याला खांदा टेकवा. पडद्यावर टॅप करण्यापेक्षा आवाजाचं बटण दाबा, बहुतेक फोनांत त्यानं फोटो निघतो. श्वास अर्धा सोडून मग हळूच. आणि फोन टेकवून ठेवता येत असेल (पोह्याच्या डब्याला, देवळाच्या पायरीवर, कुठेही) तर टेकवा आणि 2 सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. मी बाहेर जाताना पिशवीत राजमाची अर्धा किलोची पुडी घट्ट शिवून ठेवलीय, तिच्यावर कॅमेरा छान बसतो.

छोट्या कॅमेऱ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बटण म्हणजे तेच शटरचं बटण, पण ते दोन पायऱ्यांचं असतं आणि निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. अर्धं दाबा, थांबा, कॅमेरा फोकस करेल, हिरवा चौकोन येईल, बीप होईल, मग पूर्ण दाबा. एकदम दाबलं तर तो फोकस शोधत बसतो आणि मूल तोपर्यंत पळून गेलेलं असतं, मग लोक म्हणतात हा कॅमेरा उशिरा फोटो काढतो. अर्धं दाबून तयार राहा, मूल हसलं की उरलेलं दाबा, लगेच निघतो.

शटरचे आकडे लक्षात ठेवायचे झाले तर एवढेच: शांत बसलेल्या माणसाला 1/60 सेकंद चालतो, बोलणाऱ्या-हलणाऱ्याला 1/125, पळणाऱ्या मुलांना 1/250 किंवा त्याहून जलद. प्रो मोड असेल तर हे तुम्ही ठरवू शकता, नसेल तर उजेड वाढवला की कॅमेरा आपोआप जलद शटर घेतो.

नाइट मोड चांगली गोष्ट आहे पण ती काय करते हे माहीत हवं. फोन एक ते तीन सेकंदांत (कधी जास्तही) बरेच फोटो एकावर एक घेऊन जोडतो. इमारत, दिवे, रस्ता ह्यांना उत्तम. माणूस असेल तर त्याला तेवढा वेळ पुतळ्यासारखं थांबायला सांगा आणि पडद्यावर फोटो तयार झाला असं दिसेपर्यंत तुम्हीही फोन खाली आणू नका.

टॅप करा, आणि मग उजेड खाली ओढा

फोन ऑटोमध्ये सगळ्या चित्राची सरासरी काढतो आणि ती मध्यम राखाडी करायला बघतो. म्हणून पांढऱ्या साडीतली आजी पांढऱ्या भिंतीसमोर बसवली की फोटो मळकट येतो, आणि अंधारात पणती असेल तर फोनला वाटतं सगळं फार काळं आहे, तो उजेड इतका वाढवतो की ज्योत म्हणजे नुसता पांढरा डाग. त्या संध्याकाळी ज्यांचा फ्लॅश बंद होता त्यांच्या फोटोतही ज्योती ह्याच कारणानं उडालेल्या होत्या.

करायचं असं. ज्या गोष्टीवर लक्ष हवं तिच्यावर टॅप करा, माणूस असेल तर डोळ्यावर. शेजारी छोटा सूर्य येतो, तो वर-खाली ओढता येतो (काही फोनांत बाजूला पट्टी असते). पांढऱ्या साडीसाठी थोडा वर. पणतीसाठी खाली, ज्योतीचा आकार आणि पिवळा-केशरी रंग दिसू लागेपर्यंत खाली, मग चेहऱ्याच्या एका बाजूला तो पिवळा उजेड आपोआप शिल्लक राहतो. छोट्या कॅमेऱ्यात प्लस-मायनसचं बटण असतं, पणतीसाठी मायनस 1 पासून सुरू करा आणि पांढऱ्यासाठी प्लस 2/3. पडद्यावर जास्त वेळ बोट दाबून धरलं तर फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग लोक हलले तरी फोन परत परत बदलत नाही. औक्षणाला हे फार कामाचं आहे, ताट फिरत असतं आणि फोन प्रत्येक फेरीला गोंधळतो.

शंका असेल तेव्हा फोटो किंचित काळा ठेवा. काळोखात दडलेलं नंतर थोडं वर आणता येतं, पण पांढरं होऊन उडून गेलेलं परत येत नाही, तिथे माहितीच नसते.

झूम नको, पावलं टाका

दोन बोटांनी पडदा ताणून केलेला झूम म्हणजे बहुतेक वेळा फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो. छोट्या कॅमेऱ्यात जो लेन्स पुढे-मागे होऊन झूम करतो तो खरा, तो खुशाल वापरा, तीच तर त्या कॅमेऱ्याची ताकद आहे. फोनमध्ये वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर तिच्या आकड्यावर, म्हणजे 2 किंवा 3 किंवा 5 वर, सरळ टॅप करा, मधले आकडे टाळा. पण अंधारात परत 1 वर या, कारण अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स) आणि टेलिफोटोमागचे सेन्सर सहसा मुख्य कॅमेऱ्यापेक्षा छोटे असतात.

चेहऱ्याच्या मात्र फार जवळ जाऊ नका. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, एक फुटावरून काढलं तर नाक मोठं, कान गायब. दीड-दोन मीटर मागे व्हा आणि 2 वापरा, माणूस जसा आहे तसा दिसतो. आणि ग्रुप फोटोत अल्ट्रावाइड वापरून कडेला काकूंना उभं केलंत तर त्या दीडपट रुंद दिसतील आणि तो फोटो त्या कधीच कुणाला दाखवणार नाहीत. मागे जागा असेल तर मागे जा, नसेल तर दोन रांगा करा.

फ्रेमचं थोडक्यात सांगते, कारण ह्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं असतं. ग्रिडच्या रेघांवर क्षितिज सरळ ठेवा. बटण दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा, कुणाच्या डोक्यातून खांब निघतोय का, कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची, लटकणारी वायर आहे का. एक पाऊल बाजूला झालं की बहुतेक जातं. मुलांचा फोटो मुलांच्या उंचीवर बसून. बस्स.

इंदुरात कुठे काय लागू होतं

राजवाडा सगळ्यात अवघड, कारण तो सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, आणि लोक अगदी दारापाशी उभे राहून फोन वर तिरपा करतात, मग वाडा मागे कलतोय असं दिसतं. समोरच्या अहिल्यादेवींच्या पुतळ्याच्या बागेपर्यंत मागे या, फोन उभा आणि अगदी सरळ धरा, खाली जास्तीची जमीन आली तर येऊ द्या, नंतर कापा. कोवळं ऊन तिरपं पडत असताना लाकडाची नक्षी उठून दिसते, दुपारी सगळं सपाट. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचंही (होळकरांच्या दगडी स्मारकांचंही) तेच, दगडातलं कोरीवकाम फक्त बाजूच्या उजेडात दिसतं, म्हणून एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जाऊन बघा कोणती बाजू कधी उजळते. हे मी सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतः बघितलेलं जास्त लक्षात राहील.

सराफा रात्रीचा, म्हणजे सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाण्याची दुकानं लागतात तेव्हाचा, आणि उजेड तऱ्हेतऱ्हेचा. इथे वाफ टिपायची असेल तर बल्ब वाफेच्या मागे येईल असे उभे राहा, बल्ब तुमच्या पाठीशी असेल तर वाफ दिसतच नाही. मग ज्योतीसारखंच, कढईवर टॅप करून उजेड खाली ओढा. पांढऱ्या बल्बांच्या खाली भुट्ट्याचा कीस फिक्का दिसतो, प्लेट दोन पावलं बाजूला घेऊन बघा. थंडीत गराडू (एक कंद) तळताना फार सुंदर फोटो येतो पण तेलापासून लांब राहून 2 वापरा, लेन्सवर तेलाचे शिंतोडे बसतात. आणि दुकानदाराला विचारा, दादा एक फोटो घेऊ का, एवढंच, नाही म्हणणारा मला क्वचितच भेटलाय आणि विचारल्यावर ते स्वतःच जिलबीचा घाणा नीट दिसेल असा थांबवतात.

पोह्यांचा फोटो मात्र घरी सकाळी खिडकीत. खिडकी प्लेटच्या मागे किंवा बाजूला, तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर फोनची सावली पडते. शेव आणि जिरावण (पोह्यांवरचा मसाला) फोटो काढायच्या अगदी आधी घाला. फोन फार जवळ नेला तर फोकस होत नाही, वीत-दीड वीत मागे घ्या आणि 2 करा, छोट्या कॅमेऱ्यात फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड लावा.

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा (मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्यांचा) वेगळाच त्रास. गिरण्यांच्या झांक्या हलत असतात, दिवे लुकलुकत असतात आणि फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या येतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, म्हणून प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्ट्या बहुतेक जातात, आणि व्हिडिओच्या सेटिंगमध्ये अँटी फ्लिकर असेल तर तिथे 50 निवडा. 1/50 ला झांकी हलतेय तर फोटो हलेल, म्हणून ती चौकात क्षणभर थांबते तेव्हाच काढा. मिरवणुकीत फोन उंच धरून काढण्यापेक्षा ओळखीच्या घराची पहिल्या मजल्यावरची गॅलरी आधीच विचारून ठेवा.

रंगपंचमीच्या गेरला (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला) छोटा कॅमेरा नेऊ नका. लेन्स पुढे येणाऱ्या नळीच्या फटीत गुलाल गेला की ती अडकते आणि मग लेन्स आत जात नाही बाहेर येत नाही, आमच्या घरातला एक कॅमेरा असाच गेला. फोन पारदर्शक वॉटरप्रूफ पाउचमध्ये, तोंड घट्ट लावून, पाउचची लेन्ससमोरची बाजू अधूनमधून पाण्यानं धुवा, कोरडी घासायची नाही कारण गुलालानं ओरखडे पडतात. टँकरची पिचकारी सुरू झाली की बटण दाबून धरा (काही फोनांत ते खाली किंवा बाजूला ओढावं लागतं), बर्स्टमध्ये वीस-तीस फोटो निघतील त्यातला एक असा असतो की रंगाचा ढग वर आणि खाली सगळे हात.

सिरपूर तलावाला हिवाळ्यात पहाटे जा, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळालाय. पक्ष्यांसाठी फोन सोडा, इथे जुना 20 किंवा 30 पट ऑप्टिकल झूमचा छोटा कॅमेरा फोनला मागे टाकतो. ती राजमाची पुडी कठड्यावर, कॅमेरा तिच्यावर, टायमर 2 सेकंद, सूर्य पाठीशी. पक्ष्याच्या जवळ जायला बघू नका, उडालेला पक्षी परत त्या फांदीवर येत नाही.

घरची माणसं

मला खरं तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुंज, बारसं, साठीशांत, ह्यात हॉलमधला फोटोग्राफर विधी टिपतो, पण स्वयंपाकघरात मावशी पुरणाचं वाटण बघत बसलीय ते कुणी टिपत नाही. ते तुम्ही टिपा. आदल्या दिवशी जागा बघून ठेवा, हॉलचं कुठलं दार उघडं राहतं, कुठे उजेड येतो. वडीलधाऱ्यांना ग्रुप फोटोसाठी उन्हात बोलवू नका, दारापाशी खुर्च्या मांडा, त्यांना बसवा, बाकीच्यांनी मागे यायचं. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली करायला सांगा नाहीतर तुम्ही अर्धं पाऊल बाजूला व्हा. प्रत्येक ग्रुपचे निदान सहा फोटो काढा, दहा जणांत एकाचे तरी डोळे मिटलेले असतात.

आणि "हसा, हसा" म्हणू नका, चेहरे ताठ होतात. कॅमेरा लॉक करून तयार ठेवा आणि काहीतरी विचारा. मामांना मी विचारलं की तुम्ही आणि बाबा लहानपणी कुठल्या टॉकीजला पळून जायचात, आणि ते सांगायला लागले तेव्हाचे जे फोटो आहेत ते त्यांच्या मुलांनी मोठे करून लावलेत. माणसं बोलत असताना हात हलतात म्हणून उजेड भरपूर हवा, 1/125.

गेल्या दिवाळीत आईला परत तसंच पणत्यांनी ओवाळलं. फ्लॅश बंद, फोन कोनाड्यात टेकवलेला, आईच्या डोळ्यावर लॉक, उजेड खाली ओढलेला, आणि बहिणीला सांगितलं की ताट चेहऱ्याजवळ आलं की दोन सेकंद थांब. बावीस फोटो काढले, तीन असे आहेत की त्यात खोलीतला तो उजेड आहे.

नंतरचं काम

लगेच काही डिलीट करू नका, दोन दिवसांनी शांतपणे बघा. एडिटिंग एवढंच करा: सरळ करणं, कडा कापणं, सावली थोडी उघडणं, रंग जास्त पिवळा-निळा असेल तर वॉर्म्थनं जुळवणं. सॅच्युरेशन वाढवलं की साड्या छान दिसतात पण चेहरे लाल होतात.

व्हॉट्सअपवर साधा पाठवलेला फोटो दाबून छोटा होतो, म्हणून जो फोटो जपायचाय तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. एक कॉपी फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन किंवा दुसऱ्या गावातल्या भावाकडे. फोन चोरीला जातात, डिस्क अचानक बंद पडतात, दोन्ही एकाच दिवशी होणं अवघड.

आणि प्रिंट काढा. मेगापिक्सेलची काळजी करू नका, 4 बाय 6 इंचाच्या प्रिंटला 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण 2 मेगापिक्सेल, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यातही तेवढे असतात. 8 बाय 12 ला साडेआठ-नऊ. प्रिंट आली की मागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं तारीख, जागा आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा, बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आमच्या घरी आजीच्या पेटीत एक फोटो निघालाय, नऊ बायका जुन्या वाड्याच्या ओसरीवर, आजी तिसरी, बाकी आठ जणी कोण हे सांगणारं आता कुणी राहिलं नाही.